मांडवातला अ‍ॅम्प्लिफायर घरात आणताना

परतवाड्याहून घटांगमार्गे धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी वसलेल्या सेमाडोहात सूर्यास्तानंतर जी शांतता पसरते तिच्यात शेजारच्या घरात भांडे खाली ठेवल्याचा आवाजही स्पष्ट ऐकू येतो, हे येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या शिक्षकांना, वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना आणि पिढ्यान्पिढ्या इथेच नांदणाऱ्या कोरकू कुटुंबांना निराळे सांगावयास नको. आणि घरी गाणे ऐकण्यासाठी वापरलेला व्यावसायिक पॉवर अ‍ॅम्प्लिफायर विकत घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या विचाराचा आरंभ वॅटपासून न करता या शांततेपासून करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्या यंत्राचे आयुष्य लग्नाच्या मांडवात, मिरवणुकीच्या गाडीवर किंवा सभेच्या व्यासपीठामागे गेले, त्याचा पंखा किती घोंगावतो, त्याचा ट्रान्स्फॉर्मर किती गुणगुणतो, गाणे थांबले असता स्पीकरमधून किती खरखर येते, याची विचारपूस तिथे कोणी केलेली नसते, कारण त्या गर्दीत ते ऐकू येण्याचा संभवच नसतो. तेच यंत्र बारा फूट लांबीच्या खोलीत आणून ठेवले की मांडवात ज्याला कोणी दोष म्हटले नसते तो दोष सर्वांत पुढे येऊन उभा राहतो, आणि तंबोऱ्याच्या झंकारातून सूर वर येण्याची वाट पाहणाऱ्या श्रोत्याला प्रथम ऐकू येतो तो पंखा.

तथापि एवढ्यावरून हा व्यवहार टाळावा, असे अनुमान कोणी काढू नये. घरगुती श्रवणासाठी म्हणून विकले जाणारे चांगले अ‍ॅम्प्लिफायर नव्याने घ्यावयाचे तर त्यांची किंमत सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर जाते, आणि उलट परतवाडा, अचलपूर, अंजनगाव, अमरावती, अकोला येथल्या बिछायत केंद्रांच्या आणि साउंडवाल्यांच्या कोठारांत भक्कम बांधणीची, जड ट्रान्स्फॉर्मरची, दहा-पंधरा वर्षे इमानाने चाललेली यंत्रे केवळ नवी हलकी यंत्रे आली म्हणून फळीवर जाऊन पडलेली असतात. ज्याला गाडीत रोज सामान चढवावे-उतरवावे लागते त्याला वीस-पंचवीस किलोचे यंत्र नकोसे होणे स्वाभाविक आहे. जे एकदा कपाटाशेजारी ठेवले की वर्षानुवर्षे हलवावयाचे नाही, त्याच्या वजनाची गृहस्थाला अडचण ती काय? व्यावसायिकाची गैरसोय आणि गृहस्थाची सोय अशी जिथे एकमेकांस मिळते तिथे किफायतीचा सौदा होऊ शकतो, मात्र घेणाऱ्याने डोळे आणि कान दोन्ही उघडे ठेवले पाहिजेत.

खरेदीचा हंगामही विचारात घ्यावा. वऱ्हाडात तुळशीचे लग्न लागल्यापासून ज्येष्ठापर्यंत लग्नसराई चालते, पुढे गणेशोत्सव आणि नवरात्र येते. या दोहोंच्या मधला आषाढ-श्रावणाचा काळ साउंडवाल्यांना रिकामा असतो, तेव्हा ते हिशेब जुळवतात, जुने काढतात आणि नव्यासाठी रोकड उभी करतात, म्हणून भावात घासाघीस करावयाची ती याच दिवसांत. यंत्र कोणाकडून घ्यावयाचे यापेक्षाही ते कोणत्या कामावर होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ज्याने मंदिरातले भजन-कीर्तन, शाळेचे स्नेहसंमेलन, ग्रामसभा यांवर दिवस काढले त्याच्यावर ताण बेताचा पडलेला असतो. ज्याने मिरवणुकीत मोठमोठ्या बेसच्या पेट्या रात्ररात्र जनरेटरवर ओढल्या, त्याचे ट्रान्झिस्टर, कपॅसिटर आणि पंखा ही सारी मंडळी थकलेली असतात, मग वरचा पत्रा कितीही चकचकीत पुसलेला असो. विक्रेत्याला हा प्रश्न सरळ विचारावा, आणि उत्तर मिळाल्यावर त्याच गावात एक-दोघांकडे त्याची शहानिशा करावी. लहान गावात कोणाचे साहित्य कुठे वाजत होते हे लपून राहत नाही.

आता बाजारात जे मिळते त्याचे प्रकार नीट ओळखले पाहिजेत, कारण याच ठिकाणी सर्वाधिक फसगत होते. पहिला प्रकार सार्वजनिक भाषणासाठी बनविलेल्या अ‍ॅम्प्लिफायरांचा. १९४० पासून चालत आलेल्या दिल्लीच्या अहुजा कंपनीमुळे हा प्रकार आपल्याकडे खेडोपाडी पोहोचला आणि कित्येक ठिकाणी लोक अ‍ॅम्प्लिफायरलाच 'अहुजा' म्हणू लागले. माईकसाठी जागा, पुढे चार-पाच बटणे आणि मागे ४, ८, १६ ओहमसोबतच ७० व १०० व्होल्टच्या लाइनची टोके, हे त्याचे लक्षण. ही १०० व्होल्टची लाइन दूरवरच्या भोंग्यांना, त्यांच्यातल्या छोट्या ट्रान्स्फॉर्मरसह, लांब तारेने आवाज पोहोचविण्यासाठी असते. तिच्यावर घरचा ८ ओहमचा स्पीकर थेट जोडला तर हिशेबाने साडेबाराशे वॅटची मागणी निर्माण होते, आणि त्याचा शेवट यंत्राच्या किंवा स्पीकरच्या जळण्यात होतो. या यंत्रांची ध्वनिमर्यादाही माणसाच्या बोलण्याला अनुसरून, माहितीपत्रकात साधारणतः ५० ते १५,००० हर्ट्झ अशी दिलेली आढळते. भाषणासाठी, प्रार्थनेसाठी ती उत्तम. परंतु पखवाजाचा घुमारा आणि झांजेची किनार जशीच्या तशी ऐकू इच्छिणाऱ्याने दुसरीकडे पाहावे.

दुसरा प्रकार म्हणजे खरा रंगमंचीय पॉवर अ‍ॅम्प्लिफायर: दोन चॅनल, पुढे केवळ दोन बटणे, मागे एक्सएलआरची आणि स्पीकॉनची टोके, आणि रॅकमध्ये बसण्यासाठी दोन्ही बाजूंना कान. क्राउन, क्यूएससी, यामाहा, स्टुडिओमास्टर ही नावे आपल्याकडच्या साउंडवाल्यांच्या तोंडी असतात, आणि या लेखातला पुढचा सर्व विचार याच प्रकाराला उद्देशून आहे. तिसरा प्रकार स्थानिक कारागिराने पत्र्याच्या पेटीत किट बसवून जुळविलेल्या यंत्रांचा. त्यांतली काही खरोखर कसबाने बांधलेली असतात आणि ती बांधणाऱ्या हातांविषयी मला आदर आहे. पण ज्याने बांधले तो कारागीर जवळ आणि हयात असेल तरच ती घ्यावीत, कारण त्यांचा नकाशा त्याच्या डोक्यात असतो, कागदावर नव्हे.

वॅटविषयी जो भ्रम पसरला आहे तो दूर करण्यासाठी थोडे गणित करणे भाग आहे. घरच्या साधारण स्पीकरला १ वॅट दिला असता १ मीटर अंतरावर सुमारे ८७ डेसिबल आवाज निघतो, आणि शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे १०० वॅटला तो १०७ डेसिबलपर्यंत जातो, जो घरात क्षणभरही सुखावह नाही. आपण नेहमीच्या बैठकीत गाणे ऐकतो तेव्हा सरासरीने १ वॅटदेखील खर्ची पडत नाही. उरलेली शक्ती तबल्याच्या थापेसारखा एखादा आघात अचानक येतो तेव्हा तो न चिरडता पार पाडण्यासाठी राखीव असावी लागते. या हिशेबाने ८ ओहमवर प्रत्येक चॅनलला १०० ते २०० वॅट देणारे यंत्र कोणत्याही घराला पुरून उरते. पाटीवर छापलेला मोठा आकडा बहुधा दोन्ही चॅनल एकत्र जोडून, म्हणजे ब्रिज करून, ४ ओहमवर मिळणाऱ्या शक्तीचा, किंवा २ ओहमवर क्षणमात्र टिकणाऱ्या शक्तीचा असतो. आपण मात्र 'दोन्ही चॅनल चालू असता, ८ ओहमवर, आरएमएस' एवढ्याच आकड्याकडे पाहावे. एक साधी पडताळणी कोणालाही करता येते: मागच्या फ्यूजवर किती अँपिअर लिहिले आहे ते वाचावे. ५ अँपिअरचा फ्यूज २३० व्होल्टवर साडेअकराशे वॅटच्या आसपासच सलग ओढू देतो, तेव्हा असा फ्यूज असलेल्या पेटीवर पाच हजार वॅट लिहिलेले असेल तर त्या अक्षरांना किंमत देऊ नये.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे शांततेकडे येतो. पंखा ही या यंत्रांची आवश्यक गोष्ट आहे, पण सर्वच यंत्रांत तो सारखा वागत नाही. काहींत चालू केल्याबरोबर पूर्ण वेगाने फिरू लागतो आणि बंद होईपर्यंत तसाच फिरतो. काहींत तपमानाप्रमाणे वेग बदलतो, आणि घरच्या हलक्या वापरात तो जवळजवळ ऐकू येत नाही. घरासाठी दुसऱ्या जातीचेच यंत्र शोधावे, आणि पाहावयास जाल तेव्हा दुकानातल्या गजबजाटात नव्हे तर मागच्या खोलीत, दार लावून, आपण श्रवणाला बसतो तेवढ्या अंतरावर बसून, कोणतीही तार न जोडता दहा मिनिटे नुसते यंत्र चालू ठेवून ऐकावे. विक्रेत्याला हे विचित्र वाटेल, वाटू द्यावे. घोंगावणाऱ्या पंख्याच्या जागी मंद गतीचा पंखा बसवून देतो, असे सांगणारे मेकॅनिक भेटतात, आणि पूर्वीच्या पंख्याइतकीच हवा वाहून नेणारा दर्जेदार पंखा असेल तर ते करण्यास हरकत नाही. परंतु पंख्याची तारच काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. कपॅसिटरभोवतीचे तपमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, आणि मेळघाटाच्या पायथ्याशी मे महिन्यात मुळातच किती तपमान असते ते परतवाड्याच्या रहिवाशांना विचारावे. हवा कोणत्या दिशेने वाहते तेही पाहून घ्यावे, कारण काही यंत्रे पुढून हवा घेऊन मागे सोडतात तर काही मागून घेऊन पुढे. कपाटात भिंतीला चिकटवून ठेवताना हा भेद उपयोगी पडतो.

पंख्याच्या खालोखाल गुणगुण. ती दोन ठिकाणांहून येते आणि त्या दोहोंचे उपाय भिन्न आहेत. पेटीला कान लावला असता जी ऐकू येते ती ट्रान्स्फॉर्मरची, बहुधा सैल झालेल्या बोल्टची किंवा वाढलेल्या व्होल्टेजची; बोल्ट आवळून ती कमी झाली तर उत्तम, न झाली तर ते यंत्र शयनगृहाच्या कामाचे नाही. स्पीकरमधून येणारी गुणगुण मात्र आतल्या थकलेल्या कपॅसिटरची असू शकते, किंवा केवळ जोडणीतल्या दोषाची. याची परीक्षा अशी: इनपुटच्या सर्व तारा काढाव्यात, बटणे शून्यावर आणावीत आणि स्पीकरजवळ कान न्यावा, तरीही घूं असा आवाज येत असेल तर दोष यंत्रात आहे, आणि तारा जोडल्यावरच येत असेल तर तो जोडणीत आहे. याच वेळी ट्विटरमधून येणारी बारीक सूंसूंही ऐकून घ्यावी. ती थोडी असणारच, कारण ही यंत्रे मोठ्या आवाजासाठी घडविलेली असतात. पण बसण्याच्या जागेवर ती ऐकू येता कामा नये.

यंत्राच्या प्रकृतीची तपासणी करताना घाई करू नये, आणि शक्य असेल तर आपल्या विश्वासातला मेकॅनिक बरोबर न्यावा. त्याला दिलेली मजुरी वाया जात नाही. प्रथम बाहेरून पाहावे. स्क्रूची डोकी खरचटलेली असतील तर पेटी वारंवार उघडली गेली आहे. स्पीकॉनचे टोक वितळलेले असेल तर कधीतरी शॉर्ट झाले आहे. अनुक्रमांकाची पट्टी खरवडलेली असेल तर मालकीविषयीच शंका घ्यावी आणि तिथून उठावे. नंतर तार प्लगमधून काढून, काही वेळ थांबून, झाकण उघडवावे, आणि हे काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे, कारण प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरांत शंभर व्होल्टहून अधिक दाब उरलेला असू शकतो. आत फुगलेले किंवा वरून गळलेले कपॅसिटर, करपून तपकिरी झालेली पट्टी, जळल्याचा वास, उंदरांनी कुरतडलेल्या तारा, कुंभारमाशीने जाळीत बांधलेली मातीची घरटी, यांपैकी काय आहे ते पाहावे. शेवटची दोन लक्षणे शहरातल्या ग्राहकाला हास्यास्पद वाटतील. जंगलालगतच्या कोठारातून आलेल्या यंत्रात ती खरोखर सापडतात.

सर्वांत बोलका पुरावा ट्रान्झिस्टर देतात. मेकॅनिक ज्याला '५२००-१९४३ ची जोडी' म्हणतात ते तोशिबाने प्रचारात आणलेले ट्रान्झिस्टर अनेक यंत्रांत असतात, आणि त्यांच्या नकला बाजारात उदंड आहेत. एका चॅनलचे सर्व ट्रान्झिस्टर एका छापाचे आणि दुसऱ्याचे निराळ्या छापाचे दिसले, तर एक बाजू पूर्वी उडालेली आहे हे निश्चित समजावे. दुरुस्ती झाली म्हणून यंत्र त्याज्य ठरत नाही. पण कोणी केली, कधी केली आणि अस्सल भाग घातले काय, याचा तपशील मिळाला पाहिजे, आणि न मिळाल्यास किंमत त्या प्रमाणात उतरली पाहिजे.

विजेची परीक्षा प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानात असणाऱ्या सिरीज बोर्डावर करावी. यंत्राच्या मार्गात १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब घालून चालू केले असता तो क्षणभर प्रखर पेटून मंद झाला तर ट्रान्स्फॉर्मरचे यंत्र निरोगी आहे. तसाच प्रखर पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे आणि थेट विजेवर ते लावू नये. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, आणि एसएमपीएसवर, म्हणजे जड ट्रान्स्फॉर्मरऐवजी हलक्या इलेक्ट्रॉनिक वीजपुरवठ्यावर चालणारी हलकी यंत्रे बल्बाच्या मार्गे कधी कधी सुरूच होत नाहीत, तेव्हा त्यांना या कसोटीवर नापास ठरवू नये. यानंतर थेट विजेवर लावून, स्पीकर न जोडता, मल्टिमीटर डीसीवर ठेवून प्रत्येक चॅनलच्या दोन स्पीकर-टोकांमधला दाब मोजावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त असावे, १०० च्या वर गेला तर दुरुस्तीचा खर्च गृहीत धरावा, आणि पूर्ण व्होल्टांत दिसला तर त्या टोकांना कोणताही चांगला स्पीकर लावू नये, कारण हा स्थिर दाब वूफरची कॉइल काही क्षणांत जाळतो. मोजमाप दोन स्पीकर-टोकांमध्येच करावे, पेटीच्या पत्र्याशी करू नये. काही नव्या यंत्रांची रचना अशी असते की पत्र्याशी मोजले असता निष्कारण मोठा आकडा दिसतो.

हे सर्व पार पडले की मगच गाणे लावावे, आणि तेही प्रथम एखाद्या जुन्या, गेला तरी दुःख होणार नाही अशा स्पीकरवर. रिलेचा टक् असा आवाज येऊन मग ध्वनी सुरू होणे हे सुलक्षण होय. बटणे हळूहळू फिरवून खरखर येते काय ते पाहावे. थोडी खरखर साफसफाईने जाते. एकच रेकॉर्डिंग दोन्ही चॅनलवर आलटून पालटून ऐकावे, आवाजाचा पोत आणि उंची सारखी असली पाहिजे. ज्याचा कान तयार आहे त्याने भजनातली खंजिरी असलेले ध्वनिमुद्रण अवश्य न्यावे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या मोझरीमुळे हे वाद्य वऱ्हाडातल्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे, आणि तिच्या चामड्याचा ठोका व चकत्यांची किणकिण जर एकमेकांत मिसळून जात असतील तर यंत्र किंवा स्पीकर यांपैकी कोणीतरी कमी पडते आहे, हे कोणत्याही मापकाशिवाय कळते. किमान तासभर चालवून दोन्ही बाजूंच्या उष्णताशोषक पट्ट्यांना हात लावून पाहावे. एक गार आणि दुसरी तापलेली असे असेल तर व्यवहार थांबवावा.

घरी जोडणी करताना तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुरे. या यंत्रांची पुढची बटणे म्हणजे आवाजाचे रोजचे नियंत्रण नव्हे. त्यासाठी आधी एक प्रीअ‍ॅम्प किंवा लहानसा मिक्सर लागतो, आणि त्याची किंमत अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावी. घरच्या साधनाच्या आरसीए टोकापासून एक्सएलआरपर्यंत तार बनवून घेताना संकेत दोन क्रमांकाच्या पिनेला, आणि एक व तीन क्रमांकाच्या पिना मिळून आवरणाला जोडावयास सांगाव्यात. आणि यंत्राच्या मागे ब्रिजची कळ असेल तर ती स्टिरिओवरच आहे याची खातरजमा केल्यावाचून स्पीकर लावू नयेत, कारण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला स्पीकरचा निम्माच ओहम दिसतो आणि ४ ओहमच्या स्पीकरवर बहुतेक यंत्रे त्या भाराखाली तापून बंद पडतात.

विजेविषयी मात्र विस्ताराने बोलले पाहिजे, कारण मेळघाटातल्या गावांत यंत्राचा खरा शत्रू तीच आहे. व्होल्टेज संध्याकाळी उतरते, पावसात वीज जाते, आणि परत येते तेव्हा धक्क्याने येते. दाब २३० वरून १८० वर उतरला तर ट्रान्स्फॉर्मरच्या यंत्राची कमाल शक्ती सुमारे साठ टक्क्यांवर येते, जे घरच्या वापराला जाणवतदेखील नाही. धोका आहे तो चढलेल्या दाबाचा आणि विजेच्या कडकडाटाचा. म्हणून वीज गेली की प्रथम अ‍ॅम्प्लिफायरची कळ बंद करावी, आणि वीज परतून स्थिरावल्यावर बाकीची साधने आधी व अ‍ॅम्प्लिफायर शेवटी लावावा. बंद करताना तो सर्वांत आधी. मृगाच्या तोंडाशी जेव्हा गाविलगडाच्या डोंगररांगेवर ढग गडगडू लागतात तेव्हा प्लगच भिंतीतून काढून ठेवावा, केवळ कळ बंद करून भागत नाही. चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवू नये. ट्रान्स्फॉर्मर कण्हू लागतो आणि सुरू होताना लागणाऱ्या प्रवाहाने इन्व्हर्टर बंद पडतो.

आणि अर्थिंग. येथल्या पुष्कळ घरांत तीन पिनांचे सॉकेट असते पण तिसऱ्या भोकामागे तार नसते. यंत्र आणण्यापूर्वी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, नसल्यास खड्डा करून योग्य प्रकारे घालून घ्यावे, आणि त्याचबरोबर गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारी आरसीसीबी बसवून घ्यावी. गुणगुण घालविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कापण्याचा प्रघात साउंडवाल्यांत आहे. घरात, जिथे लेकरे पत्र्याच्या पेटीला हात लावतात, तिथे ही गोष्ट प्राणघातक ठरू शकते. गुणगुणीचा उपाय संकेताच्या तारेवर विलगीकरणाचा छोटा ट्रान्स्फॉर्मर घालणे हा आहे, तो स्वस्त आहे आणि निर्धोक आहे. विकत घेतलेल्या यंत्राची पिन अशी कापलेली आढळली तर घरी आणताच पहिल्या दिवशी प्लग बदलावा.

व्यवहार कागदावर करावा. ओळखीच्या माणसाकडून घेतानाही यंत्राचे नाव, नमुना, अनुक्रमांक, रक्कम, तारीख आणि विक्रेत्याची सही असलेली पावती घ्यावी; मूळ खरेदीचा दस्तऐवज मिळाला तर अधिकच बरे. बयाणा द्यावयाचा असेल तर थोडा द्यावा, आणि आठवडाभर घरी चालवून दोष आढळल्यास परत घेण्याची कबुली त्याच कागदावर लिहून घ्यावी. किमतीविषयी माझे मत असे की त्याच नमुन्याच्या आजच्या नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक रक्कम कोणत्याही वापरलेल्या यंत्राला देऊ नये, आणि नमुना बंद झालेला असेल तर तिसऱ्या हिश्शापलीकडे जाऊ नये, कारण पुढे सुटे भाग शोधत नागपूर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत जाण्याची पाळी आपल्यावर येणार असते. घाटातून आणताना यंत्र जीपच्या टपावर न टाकता आत, ट्रान्स्फॉर्मरची बाजू तळाशी ठेवून आणावे. पावसाळ्यात आणले असेल तर एक रात्र कोरड्या खोलीत तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी वीज जोडावी.

आणखी एक गोष्ट, जी मी सल्ला म्हणून नव्हे तर विनंती म्हणून लिहितो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ शांततेची ठरविली आहे. पण देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एकाच्या कुशीत असलेल्या सेमाडोहासारख्या गावात नियमाहूनही अधिक संयम पाळला जावा. मोठे यंत्र घरी आले की एखाद्या रात्री ओट्यावर पेट्या मांडण्याचा मोह होतो. तो आवरावा. खिडक्या लोटून, बसल्या जागी पुरेल एवढ्या आवाजात ऐकलेले गाणेच या यंत्राकडून उत्तम ऐकू येते, कारण त्या पातळीवर त्याची सारी शक्ती राखीव राहते आणि स्वर कुठेही ताणला जात नाही.

शेवटी निवडीचा निर्णय. हलके, एसएमपीएसचे, नव्या धाटणीचे यंत्र आणि जुने, जड, ट्रान्स्फॉर्मरचे यंत्र अशी दोन समोर असतील, किंमत सारखी असेल आणि दोन्ही वरच्या परीक्षांत उतरली असतील, तर अमरावती-अकोल्याच्या ग्राहकाने हवे ते घ्यावे. सेमाडोह, हरिसाल, धारणीच्या ग्राहकाने मात्र जडच घ्यावे. एसएमपीएस बिघडला तर बहुधा संपूर्ण पट्टी बदलावी लागते आणि ती पट्टी जवळपास मिळत नाही. ट्रान्स्फॉर्मरचे यंत्र बिघडले तर परतवाड्यातला सामान्य मेकॅनिकही ते उघडून, दोष शोधून, उभे करू शकतो. ८ ओहमवर १०० ते २०० वॅट, तपमानाप्रमाणे फिरणारा पंखा, अस्सल ट्रान्झिस्टर आणि शाबूत अर्थिंगची पिन असलेले असे यंत्र येत्या आषाढात कुठे आढळले, तर दार लावून दहा मिनिटे ऐकावे आणि शांत निघाले तर घ्यावे.